संपावर गेलेल्याच्या घरची चूल: सरकारची काही जबाबदारी आहे का?

सांजवात

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

माझा धाकटा भाऊ पुण्याजवळच्या एका कारखान्यात ९ वर्षं कायम कामगार आहे. आज संपाचा ४३वा दिवस. मागण्या बरोबर की चूक, हा वाद इथे नको, कारण मला विचारायचंय ते वेगळं आहे.

परवा भावजयीचा फोन आला. डब्यात चार किलो पीठ उरलं होतं आणि मोठ्याच्या शाळेच्या व्हॅनवाल्याने दोन महिन्यांचे पैसे थकले म्हणून त्याला न्यायचं बंद केलं होतं. तिने रेशन दुकानात चौकशी केली. त्यांचं कार्ड पांढरं. मोफत धान्य प्राधान्य कुटुंबांना, म्हणजे शहरात वर्षाला ५९,००० आणि खेड्यात ४४,००० पर्यंत उत्पन्न असलेल्यांना. भावाचा पगार महिना २६ हजार. "अहो, पण दीड महिना पगारच नाही," असं ती म्हणाली, तर उत्तर मिळालं, उत्पन्नाचा दाखला आणा. दाखला काढायला गेली तर तो मागच्या आर्थिक वर्षाचा. मला म्हणाली, "ताई, दाखल्यावर गेल्या वर्षीचा पगार आहे, पण तो काही पातेल्यात शिजत नाही."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. संप भावाने केलाय, त्याच्या लेकरांनी नाही. अशा घरांना सरकारने काही द्यावं का? कुठे देतात का? आणि ८२च्या संपात गिरणी कामगारांच्या घरात काय झालं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

रोखठोक_नाशिककर

ताई, तुमच्या भावाच्या मुलांबद्दल वाईट वाटतं, हे मनापासून. पण माझं उत्तर नाही असंच आहे.

माझं छोटं वर्कशॉप आहे, १४ माणसं. एका मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवतो. तीन वर्षांपूर्वी तिथे संप झाला आणि आमच्या ऑर्डरी बंद पडल्या. माझी १४ माणसं घरी बसली. त्यांनी संप केला नव्हता, त्यांची कसली मागणीही नव्हती. ५०पेक्षा कमी कामगार असले की ले-ऑफची (काम नाही म्हणून घरी बसवल्याची) भरपाई द्यायचं बंधन कायद्यात नाही, तरी मी पाच आठवडे अर्धा पगार दिला. त्यानंतर माझ्याकडेच काही उरलं नाही. उद्या सरकारने संपकऱ्याच्या घरी धान्य पोचवलं, तर या चौदा घरांना मी काय सांगू?

दुसरं, हातात पैसे येत राहिले तर तडजोड लांबते. संपात दोन्ही बाजूंना झळ लागते, म्हणून तर दोघं टेबलावर येतात.

कुरडई

झळ दोघांना लागते हे खरं. पण मालकाच्या घरचं पीठ ४३व्या दिवशी चार किलोवर येत नाही.

गिरणगावची_लेक

सांजवात, तू विचारलंस म्हणून लिहिते. घरच्यांना सोडून हे कुणाला सांगितलेलं नाही.

वडील लालबागजवळच्या एका गिरणीत साचाखात्यात (कापड विणायच्या मागांवर) होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. डॉक्टर (संपाचे पुढारी दत्ता सामंत) म्हणजे आमच्या चाळीत देवाचं नाव होतं. पहिले दोन महिने जत्रेसारखे गेले. वडील दिवसा घरी दिसायचे, ही आम्हा पोरांसाठी अपूर्वाई होती. युनियनकडून धान्य वाटप व्हायचं, आई मला रांगेत उभी करायची आणि स्वतः घरी पापड लाटायला बसायची. मग रांगा वाढत गेल्या आणि पिशव्या हलक्या होत गेल्या. पितळी भांडी गेली, त्यात माझ्या आजीचा तांब्याचा बंबही गेला.

तोपर्यंत दर महिन्याला मुंबईहून गावाला मनीऑर्डर जायची. त्या उन्हाळ्यात उलटं झालं. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावाहून काका एसटीच्या टपावर तांदळाचं पोतं टाकून मुंबईला आले. ते पोतं उतरवताना वडील खाली मान घालून उभे होते, हे मला अजून दिसतं.

मे महिन्यात आम्ही गाव गाठलं. तिथे पाझर तलावाचं काम चालू होतं, रोजगार हमीचं. १९ वर्षं साच्यावर उभे राहिलेले माझे वडील सकाळी घमेलं घेऊन निघाले. पहिल्या दिवशी तळहात फुटले. आजी हळद लावत म्हणाली, "मुंबईला धाडलं होतं ते हे घमेलं सुटावं म्हणून."

पण एक गोष्ट मला खूप उशिरा उमगली. मुंबईत सरकारच्या लेखी ते संपकरी होते, त्यामुळे तिथे त्यांना एक दाणा मिळाला नाही. गावात मस्टरवर (मजुरांच्या हजेरीपटावर) नाव लागलं तेव्हा तुम्ही संपावर आहात का, असं कुणीच विचारलं नाही. रोहयोच्या कायद्यात अंगमेहनत करायला तयार असलेला ग्रामीण प्रौढ माणूस एवढीच अट होती. माणूस तोच आणि सरकारही तेच, पण एका दाराने हाकललं आणि दुसऱ्या दाराने मजुरी दिली. त्या मजुरीवर आम्ही पावसाळा काढला.

वडील गिरणीत परत गेले नाहीत. त्यांना घेतलंच नाही. तो संप अधिकृतपणे मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीरही केलं नाही.

हिरवाचाफा

लेक, वाचून गलबललं. लिहिलंस ते फार बरं केलंस.

परळ_नाका

गिरणगावच्या लेकीने लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी तेव्हा २४ वर्षांचा होतो, बदली कामगार. बदलीवाल्याला एरवीच महिन्याचे तीस दिवस काम नसायचं, त्यामुळे गाठीला काहीच नव्हतं. मी एक भर घालतो, ती खानावळवाल्या बायांची.

माझी मावशी डिलाईल रोडला दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवायची. २२ जेवणारे, सगळे एकटे राहणारे गिरणी कामगार. पगार झाला की हिशोब. संप लागला तसे हिशोब थांबले, जेवणं मात्र चालू राहिली. तिने एकालाही ताटावरून उठवलं नाही. भाजी पातळ झाली, मग नुसती आमटी, मग एकाच वेळचं जेवण. नंतर एकेक जण गावी गेला आणि उधारीची वही तेवढी मावशीकडे राहिली. ती संपावर नव्हती, पण संप तिच्या चुलीवर येऊन बसला. रोखठोक, तुमच्या चौदा माणसांचं दुःख तेच आहे, मी ते नाकारत नाही.

या बायांच्या पाठीशी उभी राहिली ती अन्नपूर्णा महिला मंडळासारखी संस्था. १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी ती काढली आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ती नसती तर अनेकींनी खोल्या विकल्या असत्या.

सरकार मध्ये पडत नाही, असं जे म्हणतात त्यांनी हेही लक्षात घ्यावं. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांमध्ये एकच मान्यताप्राप्त युनियन ठरत होती, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार कुणाच्याही मागे असोत, बोलणी त्यांच्याशीच. कुणी बोलायचं हे सरकारने ठरवायचं आणि उपाशी कोण राहतंय त्याच्याशी मात्र सरकारचा संबंध नाही, हे माझ्या मनाला कधीच पटलं नाही.

कायदेकानू

कामगार न्यायालयात ३१ वर्षं वकिली केली, म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगतो. हे लोकांना सहसा संप सुरू झाल्यावरच कळतं.

काम नाही तर पगार नाही, हे सर्वांना माहीत आहे. पण वेतन प्रदान कायद्यात त्याच्या पुढची तरतूद होती: दहा किंवा अधिक कामगार ठरवून, नोटीस न देता गैरहजर राहिले तर गैरहजेरीच्या दिवसांखेरीज आणखी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येत होता. ईएसआय (कामगार राज्य विमा) कायद्याच्या कलम ६३प्रमाणे कामगार संपावर असेल त्या दिवसाचा आजारपणाचा भत्ता मिळत नव्हता. शिवाय पगार नाही म्हणून वर्गणी नाही, आणि वर्गणी नाही म्हणून पुढच्या मुदतीतले लाभ अडकतात.

सगळ्यात बोचणारं म्हणजे भविष्य निर्वाह निधी. कारखाना १५ दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला किंवा दोन महिने पगार मिळाला नाही, तर स्वतःच्या पीएफमधून रक्कम काढायची सोय परिच्छेद ६८-एचमध्ये होती. पण तिथे स्पष्ट लिहिलं होतं की हे संपाखेरीज इतर कारणाने झालेलं असावं. माझ्याकडे एक फिटर आला होता. बायकोचं बाळंतपण जवळ आलेलं आणि पीएफचा अर्ज परत आलेला. मला म्हणाला, "साहेब, हा पैसा माझाच आहे ना?" होय म्हणालो, पण त्या होयचा त्याला काही उपयोग नव्हता.

बेकायदा संपाला जाणूनबुजून थेट पैशाची मदत करणं औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ने गुन्हा होतं, आणि ही मनाई नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. संहितेने सगळ्याच आस्थापनांत १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. समझोत्याची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. त्यामुळे संप कायदेशीर राखणंच आता फार अवघड झालंय. अर्थात लेकरांसाठी दळण देणं म्हणजे संपाला थेट मदत, असं मी मानत नाही, आणि कोर्टातही मी तसंच म्हणेन. सांजवातताई, तुम्ही बिनधास्त पीठ पाठवा.

सांजवात

काका, पीठ पाठवलंय. पीएफचं वाचून मात्र हात थिजले. भाऊ त्याच पैशाच्या आशेवर होता.

न्यूजर्सीवाला_पंत

"कुठे देतात का" याचं उत्तर: हो, इथे देतात, आणि मी ते घेतलंय.

अमेरिकेत बेकारी भत्ता राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सीत २०१८च्या कायद्याने संपावरच्या कामगाराला ३० दिवसांनंतर भत्ता मिळू लागला, २०२३मध्ये ती मुदत १४ दिवसांवर आणली. न्यूयॉर्कमध्ये तर ही सोय फार जुनी. १९७१ साली तिथल्या टेलिफोन कामगारांचा संप सात महिने चालला आणि राज्याने त्यांना एकूण ४.९ कोटी डॉलर भत्ता दिला. हा भत्ता मालकांकडून घेतलेल्या करातून येतो. म्हणून कंपनी कोर्टात गेली: आमच्याच पैशाने आमच्याविरुद्धचा संप पोसला. १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला असा भत्ता देता येतो असा निर्णय दिला. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांनीही २०२५मध्ये असे कायदे केले.

दुसरी बाजूही सांगतो. गरिबांना अन्नासाठी जे फूड स्टॅम्प मिळतात, त्याबाबत १९८१पासून नियम असा की, संपामुळे उत्पन्न घटलं म्हणून कुटुंब नव्याने पात्र ठरत नाही. आधीपासून पात्र असेल तर मिळत राहतं. कामगार संघटना लढल्या, पण १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. म्हणजे तुमच्या भावजयीच्या दाखल्याचंच हे भावंड. आणि कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी २०२३मध्ये संपकऱ्यांच्या भत्त्याचं विधेयक परत पाठवलं, बेकारी निधीच कर्जात आहे म्हणून.

मी गोदामात नोकरीला असताना संप झाला. भत्ता पगाराच्या निम्म्याच्या आसपास होता. त्यात घरभाडं भागलं, किराणा चर्चमधल्या पॅन्ट्रीतून आणला. संप त्यामुळे लांबला का? आमच्या बाबतीत नाही. पण घाबरून पडेल त्या अटीवर सही करायची वेळ आली नाही.

रोखठोक_नाशिककर

पंत, मालकाने कर भरायचा आणि तोच पैसा त्याच्याविरुद्ध वापरायचा, हे मोठ्या कंपनीला झेपेल. मला नाही झेपणार. कॅलिफोर्नियाचं कारण मला पटतं. निधी आधी भरा, मग वाटा.

पण काकांनी लिहिलेलं पीएफचं कलम अन्यायाचं आहे, हे मीसुद्धा म्हणेन. स्वतःच्या घामाचा पैसा अडवून ठेवणं बरोबर नाही.

खुरपं

शेतकऱ्यानेही २०१७ला पुणतांब्यातून संप केला होता. १ जूनला दूध-भाजी शहरात पाठवायची नाही असं ठरलं. आम्हाला कुणी पगार कापायचा प्रश्नच नव्हता, गाईच्या सडातलं दूध आणि वाफ्यातली मेथी दोन्ही आमचीच वाया गेली. आम्ही दूध गावातल्या पोरांना वाटलं. त्या आठवड्यात आमच्या वस्तीवर रोज बासुंदी होती, हे मात्र पोरं अजून काढतात.

माई_शेफील्ड

बासुंदीवरून आठवलं. १९८३ला लग्न होऊन इथे इंग्लंडला आले आणि पुढच्याच मार्चमध्ये कोळसा खाणकामगारांचा संप लागला. वर्षभर चालला, मार्च १९८५पर्यंत. आमच्या गल्लीत तीन घरं खाणकामगारांची.

इथे फार जुना निवाडा आहे, १९००चा, मर्थिर टिडफिल गावचा: संप करणाऱ्या धडधाकट माणसाला सरकारी मदत नाही, पण त्याच्या बायकामुलांना देता येते. सांजवात, तू जे विचारतेस ते या निवाड्यात आहे. पुढे तेच तत्त्व चालत आलं. पण १९८०मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने कायदा बदलला. युनियन संपकऱ्याला आठवड्याला १२ पौंड देतेच असं धरून तेवढी रक्कम कुटुंबाच्या मदतीतून कापायची. खाण संपात ती कपात १५ आणि मग १६ पौंडांवर गेली. युनियनने तसा भत्ता दिलाच नव्हता! न मिळालेले पैसे मुलांच्या तोंडातून वजा झाले. एकट्या तरुण कामगाराला तर काहीच नाही.

मग बायका उठल्या. खाणवस्त्यांच्या सभागृहांत सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू झाली. शेजारीण मला घेऊन गेली. मला इंग्रजी धड येत नव्हतं, पण बटाटे सोलता येत होते. एकदा मी घरून मसुराची आमटी नेली, तिखट अगदी बेताचं. एक म्हातारे खाणकामगार तीनदा मागून घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात पातेलंच दारात आणून ठेवलं, घासून लख्ख केलेलं.

म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे. सरकारने द्यावं, पण ज्याच्या हातात देणं असतं त्याच्या हातात कापणंही असतं. नुसतं सरकारवर विसंबू नका.

बचतगटवाली_सुनंदा

माझे यजमान प्रवासी वाहतुकीच्या नोकरीत. लांबलेल्या संपात आमच्याकडे साडेपाच महिने पगार नव्हता. माई, तुमचं पटलं. मला तर सरकारकडून पैसे नकोच होते. मला हप्ता थांबायला हवा होता.

जेवणाचं माणूस कसंही भागवतं. घरकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला येतो आणि तो चुकला की दंड, वर फोन. फोन वाजला की सासूबाई देवघरात जाऊन बसायच्या. कोरोनात रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, मग ते अशक्य नाही हे सिद्धच झालं ना? आमच्या बचत गटातल्या दहा बायकांनी ठराव करून माझा हप्ता चार महिने थांबवला. त्यांच्यातल्या सहाजणी मोलकरणी आहेत. त्यांना जमलं.

रोखठोक भाऊ, हप्ता थांबवायचा नियम झाला तर तुमच्या चौदा माणसांनाही तो लागू होईल. कुणी संप केला हे विचारायची गरजच नाही.

रोखठोक_नाशिककर

सुनंदाताई, हे मान्य. काम थांबलंय एवढंच बघायचं, कुणामुळे ते बघायचं नाही. यावर माझी सही घ्या.

गिरणगावची_लेक

मस्टरवर तेच होतं.

अंगणवाडी_ताई

सगळं आज एका बसणीत वाचून काढलं. सांजवातताई, तुमच्या भावाला धाकटं कुणी आहे का? कारण तीन ते सहा वर्षांच्या कुठल्याही मुलाला अंगणवाडीत गरम आहार मिळतो. दाखला नाही, कार्डाचा रंग नाही, बाप काय करतो हेही नाही. नाव घालायचं आणि पोराला आणायचं. मोठा सरकारी किंवा अनुदानित शाळेत असता तर आठवीपर्यंत त्यालाही शालेय पोषण आहार मिळाला असता. आणि जवळपास शिवभोजन केंद्र चालू असेल तर १० रुपयांत थाळी मिळते, तिथेही कुणी पगार विचारत नाही.

कायम नोकरीवाले लोक अंगणवाडीत पोरं पाठवत नाहीत, हे मला माहीत आहे. पण ती तुमच्याही पोरांची आहे.

सांजवात

ताई, धाकटी चार वर्षांची आहे. अंगणवाडी घरापासून दोनशे पावलांवर आणि आम्हा कुणाला सुचलं नाही!

कायदेकानू

अंगणवाडीताईंनी माझ्या ३१ वर्षांच्या वकिलीपेक्षा कामाचं सांगितलं.

सांजवात

आठवडाभराने लिहितेय, क्षमस्व. आज ५१वा दिवस. बोलणी परवा पुन्हा सुरू झालीत, बघू.

भाऊ सुरुवातीला तयार नव्हता. "लोक म्हणतील, परमनंट माणसाची पोर खिचडीला बसली." मी त्याला गिरणगावच्या लेकीची पोस्ट वाचायला दिली, तिच्या वडिलांची. वाचून तो बराच वेळ गप्प बसला. सोमवारी भावजय धाकटीला सोडून आली. मंगळवारपासून तोच सोडतोय. सेविकाबाईंनी नाव, जन्मतारीख विचारली, वजन केलं. बापाचा कारखाना कुणी विचारला नाही.

व्हॅनवाल्याशी पण बोललो, पैसे पगार झाल्यावर घेणार आहे. त्याचाही एक भाऊ याच संपात निघाला.

धाकटी काल घरी येऊन आईला सांगत होती, उद्या मुगाची आहे, डबा मोठा दे.